‘डब्याचं शेवटी बघू’

मोहगाव, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात पोळ्याच्या आधीपासून गणपती उठेपर्यंत घरी अँप्लिफायर जमवणाऱ्यांची चलती असते. भजनी मंडळाला माइकसाठी सेट हवा असतो, कॉलेजातल्या पोराला खोलीत वाजवायला काहीतरी दणकट. सामान बहुतेक नागपूरच्या सीताबर्डीतून येतं. ट्रान्सफॉर्मर, टीडीए7294 नाहीतर एलएम3886 चा तयार बोर्ड, किंवा 5200-1943 ट्रान्झिस्टरच्या जोड्या. बोर्ड टेबलावर वाजला की काम झालं असं सगळे धरून चालतात. डब्याचं शेवटी बघू! मग जुन्या डीव्हीडी प्लेअरची बॉडी किंवा स्टॅबिलायझरचं कॅबिनेट शोधून त्याला मिळेल तिथे भोकं पाडली जातात. पुढे बोर्ड बदलायची वेळ आली की जुनी भोकं नव्या बोर्डाला जुळत नाहीत आणि डबा भंगारात जातो.

डबा हा सर्किटचाच भाग आहे, एवढं मानलं तर एकच चेसिस चार वेगवेगळ्या बोर्डांना पुरतं. न मानण्यामागे काही पक्के बसलेले गैरसमज आहेत.

पहिला म्हणजे ‘ज्याचा बोर्ड त्याचा डबा’. बोर्डांची मापं वेगळी असतात हे खरं. पण अँप्लिफायरमध्ये बदलतं काय, हे पाहा. बोर्ड बदलतो, मागची सॉकेटं बदलतात, पुढचे नॉब बदलतात. ट्रान्सफॉर्मर, फिल्टरचे कपॅसिटर, फ्यूज, अर्थिंग आणि हीटसिंक हे मात्र तेच राहू शकतात. म्हणून डबा एकसंध न बनवता तुकड्यांत बनवायचा. तळाला 2 मिमी अ‍ॅल्युमिनियमची पाटी, तिच्यावर 10 मिमी अंतराने 3 मिमी भोकांची जाळी. कुठलाही बोर्ड आणा, चारपैकी जेवढे कोपरे जाळीवर बसतील तेवढे बसवायचे आणि उरलेल्यांना छोटी पट्टी लावली की झालं. मागचं पॅनल तीन तुकड्यांत करायचं. मेनचं सॉकेट, स्विच आणि फ्यूज एका पाटीवर, स्पीकरचे टर्मिनल दुसऱ्या, इनपुट तिसऱ्या. उद्या इनपुटला आरसीएच्या जागी मोठा एक्सएलआर लागला, तर हातभर पत्रा वाया न जाता तळहाताएवढी एक पाटी बदलते. मेनच्या पाटीला तर पुन्हा कधी हात लावायची गरजच पडत नाही, आणि जोखमीचं सगळं काम तिथेच असतं.

मापाबद्दल एक घोळ नेहमी होतो. ‘19 इंची रॅकमध्ये बसवायचाय म्हणजे डबा 19 इंच रुंद.’ नाही. 19 इंच, म्हणजे 482.6 मिमी, ही फक्त पुढच्या पाटीची कानांसकट रुंदी आहे. मागचा डबा रॅकच्या दोन खांबांमधून आत जायचा असतो आणि तिथली मोकळी जागा साधारण 450 मिमी. डबा 430 ठेवला तर बिनघोर सरकतो. उंची ‘यू’मध्ये मोजतात, एक यू म्हणजे 44.45 मिमी. पण 3यू ची पाटी हिशोबाने 133.35 मिमी न कापता जेमतेम 132.5 कापतात, कारण खालीवर दुसरी मशीन बसायची असतात. घरात रॅक नसला तरी हेच माप धरावं असं माझं मत आहे. मंडप-साउंडवाल्यांच्या पेट्या याच मापाच्या असतात, आणि डबा विकायचा झाला तर गिऱ्हाईक मिळतं.

‘लोखंडी डब्यात घातला की हमिंग जातं’ हे अर्धंच खरं आहे. अर्थ केलेला धातूचा डबा बाहेरच्या विद्युत क्षेत्रापासून वाचवतो. ट्यूबलाइटची किरकिर किंवा इनपुटला बोट लावल्यावर येतो तसला आवाज त्याने कमी होतो. पण आतल्या ट्रान्सफॉर्मरचं 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अ‍ॅल्युमिनियममधून आरपार जातं आणि पातळ लोखंडी पत्राही ते थोडंच अडवतो. त्यावर उपाय अंतराचा. ट्रान्सफॉर्मर एका टोकाला, इनपुट दुसऱ्या टोकाला, आणि इनपुटची वायर ट्रान्सफॉर्मरला वळसा न घालता सरळ बोर्डावर. ही जागा तळपाटीवर एकदाच ठरवून ठेवली की पुढच्या प्रत्येक बोर्डाला शांतता आयती मिळते. साधा ट्रान्सफॉर्मर असेल तर पक्का कसण्याआधी सेट चालू ठेवून, लाकडी पट्टीने ढकलत तो थोडाथोडा फिरवून पाहावा. एका ठरावीक कोनात हमिंग अचानक पडतं.

गोल, म्हणजे टोरॉइडल, ट्रान्सफॉर्मर या बाबतीत सरस आहे. पण त्याच्यापायी एक अपघात हमखास घडतो. त्याच्या मधल्या भोकातून जाणारा बोल्ट खाली तळपाटीला टेकलेला असतो. डबा बुटका असला आणि तोच बोल्ट वर झाकणालाही टेकला, तर बोल्ट, झाकण, बाजू आणि तळ मिळून एका वेढ्याची शॉर्ट झालेली कॉइल तयार होते. ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, तापतो आणि फ्यूज योग्य नसला तर जळतो. झाकण काढून तपासलं तर सगळं ठीक, लावलं की फ्यूज उडतो, त्यामुळे माणूस दिवसभर बोर्डावरच संशय घेत बसतो. बोल्टाच्या माथ्यावर बोटभर जागा ठेवायची.

आता सगळ्यात जीवघेणा समज: ‘हमिंग येतंय ना, अर्थची पिन काढून टाक.’ पिन काढल्यावर हमिंग खरंच थांबतं, म्हणून तर हा सल्ला इतका पसरला. मिक्सर आणि अँप्लिफायर दोन्ही अर्थ केलेले असतात, शिवाय सिग्नलच्या वायरच्या जाळीनेही ते जोडलेले असतात. त्यातून एक बंद वेटोळं तयार होतं, त्यात करंट फिरतो आणि तो स्पीकरमध्ये ऐकू येतो. पिन काढली की वेटोळं तुटतं. पण ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन ज्या दिवशी जाईल त्या दिवशी 230 व्होल्ट डब्यावर येतील. माइकची धातूची बॉडी त्याच जाळीने डब्याशी जोडलेली असते. भजन म्हणणारा माणूस ओल्या जमिनीवर बसून तोच माइक हातात धरतो.

योग्य जोडणी अवघड नाही. थ्री-पिनची हिरवी वायर थेट डब्याच्या एका बोल्टवर, आणि त्या बोल्टवर दुसरं काहीही नाही. बोल्टखालचा रंग घासून काढायचा आणि दातेरी वॉशर घालायचा, कारण पावडर कोटिंग आणि अ‍ॅनोडायझिंग या दोन्हींतून वीज जात नाही. डबा चकाचक दिसतो आणि प्रत्यक्षात प्रत्येक पाटी वेगळी तरंगत असते. मल्टिमीटरची एक तार अर्थच्या पिनला, दुसरी एकेक करून प्रत्येक पाटीच्या उघड्या स्क्रूला लावून पाहावी. बोर्डाचा ग्राउंड मात्र वेगळा एका बिंदूवर गोळा करायचा आणि तिथून डब्याला 10 ओहमच्या रेझिस्टरमधून जोडायचा. रेझिस्टरच्या समांतर 25 किंवा 35 अँपियरचा ब्रिज रेक्टिफायर. रोजच्या वापरात रेझिस्टर वेटोळ्यातला करंट दाबतो. बिघाड झाला तर डायोड वाट मोकळी करतात आणि फ्यूज उडतो. इनपुटची सॉकेटं पॅनलपासून इन्सुलेट केलेली हवीत, नाहीतर ही सगळी मेहनत फुकट. हा जोड तळपाटीवर कायमचा बसवून टाकला की बोर्ड कुठलाही येवो, सुरक्षितता त्याच्यावर अवलंबून राहत नाही. अर्थात घरचं अर्थिंग खरं असेल तरच. उन्हाळ्यात कोरडा पडणारा मीठ-कोळशाचा खड्डा आणि भिंतीवरच्या स्विचबोर्डात नुसतंच दिसणारं तिसरं भोक यांच्या भरवशावर राहू नये. 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, लावून घ्यावा.

हीटसिंकबद्दल लोक म्हणतात, जितका मोठा आवाज तितकी जास्त उष्णता. नेहमीच्या एबी वर्गाच्या अँप्लिफायरमध्ये तसं होत नाही. साइन सिग्नलवर सर्वाधिक उष्णता पूर्ण ताकदीच्या साधारण 40 टक्क्यांवर निघते. 20-0-20 चा ट्रान्सफॉर्मर घेतला तर रेक्टिफायरनंतर सुमारे ±28 व्होल्ट मिळतात. त्यावर 4 ओहमचा स्पीकर लावला की एका चॅनलमागे जास्तीत जास्त 40 वॉट उष्णता निघू शकते. प्रत्येक वॉटमागे अर्धा अंश तापणारा हीटसिंक मग भोवतालच्या हवेपेक्षा 20 अंशांनी गरम होईल. डेटाशीटमधली हवा 25 अंशांची असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, म्हणजे हीटसिंक 65 वर. हात टेकवत नाही. मुंबईत पुरलेला हीटसिंक सौंसरात पुरत नाही तो यामुळे. प्रत्येक बाजूला एक असे दोन हीटसिंक डब्याच्या भिंती म्हणूनच वापरायचे, त्यांचे पंख उभे ठेवायचे. आडवे ठेवले तर गरम हवा त्यांतच अडकते.

इथेच दुसरी चूक होते. आयसी किंवा ट्रान्झिस्टरची धातूची पाठ म्हणजे नुसता पत्रा, असं समजून ती सरळ हीटसिंकला कसतात. टीडीए7294 ची पाठ आतून निगेटिव्ह सप्लायला जोडलेली आहे, एलएम3886टी चीही. 5200 आणि 1943 ची पाठ म्हणजे त्यांचा कलेक्टर. चेसिस पुन्हापुन्हा वापरायचं असेल तर नियम एकच: हीटसिंक नेहमी अर्थवर, आणि त्यावर बसणारा प्रत्येक नग मायका, बुश आणि कंपाउंड लावूनच. सप्लायचा व्होल्टेज झाकणाच्या आतून मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा. ±28 वर एलएम3886 आणि टीडीए7294 सुखाने चालतात, पण टीडीए2030 ची मर्यादा ±18 आहे. तो त्याच डब्यात लावला की चालू करताच जाईल.

हवेसाठी भोकं जितकी जास्त तितकं बरं, हेही ऐकायला मिळतं. भोकं तळाला आणि झाकणाला समोरासमोर हवीत, म्हणजे हवा खालून वर चढते. मोठी झाली तर पाली आणि उंदीर आत येतात, आणि मेनच्या टर्मिनलवर आडवी पडलेली पाल म्हणजे शॉर्ट सर्किट. 3 मिमीच्या जाळीतून हवा जाते, पाल जात नाही.

हे सगळं ट्रान्झिस्टर आणि आयसीच्या अँप्लिफायरपुरतं आहे. व्हॉल्व्हच्या सेटला हा डबा वापरू नये. तिथे सप्लाय 300 ते 450 व्होल्टचा असतो आणि बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहतो. जाळीदार तळ आणि बोटांनी बदलता येणाऱ्या पाट्या अशा व्होल्टेजसमोर नकोतच. त्याला वेगळं, पूर्ण बंद, कपॅसिटर रिकामे करणाऱ्या रेझिस्टरसकट चेसिस लागतं.