तासांचा हिशेब

मालवणच्या कुरटे बेटावर १६६४मध्ये काम सुरू झालेला सिंधुदुर्ग किल्ला अडीच-तीन वर्षांत उभा राहिला. आज त्याच किनाऱ्यावर साधं घर मुदतीत पुरं होईल याची खात्री नसते. मस्टरवर हजेरी लागते, पण गवंड्याचे किती तास चिऱ्याच्या भिंतीत गेले आणि किती वाळूची वाट पाहण्यात, हे बहुधा कुणी लिहीत नाही. जूनच्या पावसाआधी छप्पर चढायचं, तर वाया जाणारा वेळ मार्चमध्येच दिसायला हवा. तासांची अशी नोंद ही कामगारांवर पाळत ठरेल, हा आक्षेप रास्तच आहे, वही फक्त मुकादमाच्या हाती राहिली तर. पण १९९६च्या कायद्यात बांधकाम कामगार म्हणून नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत ९० दिवसांच्या कामाची अट होती. स्वतःची सही असलेली तासांची प्रत हाती असेल, तर असे दिवस कामगाराला कुणाच्या मेहेरबानीशिवाय दाखवता येतात.