गळती बांधाच्या आतच अडावी

बहारीनच्या सित्रा भागात १९३६ पासून तेलशुद्धीकरण चालतं. समुद्राचं पाणी गोडं करणारा मोठा प्रकल्पही १९७० च्या दशकात इथेच उभा राहिला. पिण्याच्या पाण्यासाठी हा देश मुख्यतः अशाच प्रकल्पांवर जगतो. म्हणूनच किनाऱ्यावरच्या एखाद्या कारखान्यातून डिझेल गळलं, तर धोका मासेमारीपुरता राहत नाही. तवंग पाणी खेचणाऱ्या तोंडापाशी आला की प्रकल्प थांबवण्याची वेळ येते.

इराणचं आखात उथळ आहे, सरासरी जेमतेम ३५ मीटर खोल. महासागराकडे वाट एकच, होर्मुझची. उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यावरून डिझेलचा हलका भाग भराभर उडून जातो. पण बेंझिनच्या कुळातले काही घटक पाण्यात विरघळतात आणि माशांची अंडी-पिल्लं मारतात. जवळच तुबलीचा उपसागर आहे. तिथल्या तिवरांमुळे १९९७ पासून त्याला जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा आहे. तिवरांखालच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे तिथे शिरलेलं तेल वर्षानुवर्षं कुजत नाही. २०१० मध्ये ‘एमएससी चित्रा’ या जहाजाच्या अपघातानंतर मुंबई-रायगडच्या तिवरांत तेल घुसलं, तेव्हा आपणही हे भोगलं.

म्हणून कारखान्याची खरी कसोटी जमिनीवरच लागते. गळती दिसताच पंप बंद, व्हॉल्व्ह बंद, ठिणगी टाळायची, माणसं वारा जिकडून येतो त्या बाजूला न्यायची. टाक्यांभोवतीच्या बांधात सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के द्रव मावावा, असा जगभर रूढ दंडक आहे. नुसता बांध पुरत नाही. २००५ मध्ये इंग्लंडच्या बन्सफील्ड इंधनसाठ्यात पातळी दाखवणारं यंत्र अडकलं, पेट्रोल ओसंडलं, स्फोट झाला. बांधाचे सांधे गळके निघाले आणि इंधन व आग विझवण्याचा फेस भूजलात उतरला. पावसाचं पाणी काढायचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, तरी बांध निरुपयोगी. तेल समुद्रात गेलंच, तर तरंगते अडथळे आणि तवंग उपसणारी यंत्रं लागतात. उथळ पाण्यात रसायनं शिंपडणं टाळावं. ती तेल दिसेनासं करतात, पण समुद्रगवतापर्यंत पोचवतात.

बहारीनने २०२२ मध्ये नवा पर्यावरण कायदा केला, त्याची अंमलबजावणी पर्यावरणविषयक सर्वोच्च परिषदेकडे आहे. आखाती देशांना सागरी गळतीबद्दल सावध करणारं मेमॅक केंद्रही बहारीनमध्येच आहे. पण कारखान्याने तासभर खबर दडवली, तर तवंग पाणी खेचणाऱ्या तोंडापाशी येण्याआधी पंप थांबवायची संधी हातची जाते. माझ्या मते दंडाची रक्कम सांडलेल्या लिटरांवर ठरवताना, खबर किती उशिरा दिली हेही कायद्याने तितक्याच कडकपणे मोजायला हवं.