विधिमंडळाचा सहाचा पाढा

२०२० सालच्या मार्चमध्ये, १४ तारखेला, मुंबईच्या विधान भवनातलं अर्थसंकल्पी अधिवेशन ठरल्या दिवसाआधीच गुंडाळावं लागलं. करोना दारात येऊन ठेपला होता. पुढचं पावसाळी अधिवेशन जूनमध्ये व्हायचं होतं. ते ऑगस्टवर गेलं, ऑगस्टवरून सप्टेंबरवर. लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होत्या, आमदार आपापल्या मतदारसंघात रुग्णांसाठी खाटा मिळवत फिरत होते. तरीही ७ सप्टेंबरला सभागृह भरलं. आधी प्रत्येकाची करोना चाचणी, मग अंतर राखून बसलेले सदस्य. दोनच दिवसांचं अधिवेशन, पण झालं.

एवढी घाई कशासाठी? साथ ओसरेपर्यंत थांबता आलं नसतं का? नसतं. १४ सप्टेंबरला सहा महिने पूर्ण होत होते. राज्यघटनेचं १७४ वं कलम सांगतं, की सभागृहाची एका अधिवेशनातली शेवटची बैठक आणि पुढच्या अधिवेशनातली पहिली बैठक यांच्यात सहा महिन्यांचं अंतर पडता कामा नये. अधिवेशन बोलावतात राज्यपाल, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. पण बोलावणंच पाठवायचं नाही, ही मुभा कोणालाच नाही. महामारीतही नाही. सात दिवस शिल्लक असताना महाराष्ट्राने ती मर्यादा पाळली. तेव्हापासून मला विधिमंडळाकडे बघताना इमारतीच्या आधी कॅलेंडर दिसतं.

इमारतीचं म्हणाल तर त्या बदलतच आल्या. मुंबई इलाख्याच्या कायदे करणाऱ्या कौन्सिलची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी टाऊन हॉलच्या दरबार दालनात झाली. पुढे खलाशांसाठी बांधलेल्या एका देखण्या दगडी वास्तूत कौन्सिल हॉल आला. तिथे आज राज्याच्या पोलीस महासंचालकांचं मुख्यालय आहे. नरिमन पॉइंटचं आताचं विधान भवन १९८१ चं. माणसंही बदलतात. सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांसारखा एखादाच, जो एकाच मतदारसंघातून ११ वेळा निवडून येतो. वास्तू आणि माणसं बदलली तरी सहा महिन्यांची ती गाठ सुटत नाही.

ती कुठून आली तेही पाहण्यासारखं आहे. इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यात ही मर्यादा १२ महिन्यांची होती. वर्षातून एकदा सभागृह बोलावलं, कर मंजूर करून घेतले, की सरकार मोकळं. संविधान सभेने ते अंतर निम्म्यावर आणलं. १९४९ मध्ये संसदेच्या अधिवेशनांबद्दलच्या अशाच कलमावर चर्चा झाली, तेव्हा काही सदस्यांना सहा महिनेही जास्त वाटत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर दिलं, की ही कमीत कमी अट आहे, जास्त वेळा बोलावायला कोणी अडवलेलं नाही. उलट अधिवेशनं इतकी वारंवार आणि इतकी लांब होतील, की सदस्यच थकून जातील अशी आपल्याला भीती वाटते. सभागृह फार चालेल, या काळजीत घटनाकार होते! हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या पानावरच थांबलो होतो.

एकदा सहाचा आकडा डोळ्यांत भरला, की तो जागोजागी भेटू लागतो. मंत्री व्हायला आधी आमदार असावंच लागतं असं नाही, पण सहा महिन्यांच्या आत कुठल्या तरी सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं. उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली २८ नोव्हेंबर २०१९ ला. साथीमुळे विधान परिषदेची निवडणूक लांबली, आणि ते परिषदेवर बिनविरोध निवडून आले १४ मे २०२० ला. चौदा दिवस उरले होते. अधिवेशन नसताना राज्यपाल अध्यादेश काढू शकतात, पण सभागृह पुन्हा भरलं की त्या अध्यादेशाचं आयुष्य सहा आठवडे. तेवढ्यात त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. विधान परिषदेच्या सदस्याची मुदत सहा वर्षं. परवानगीवाचून सदस्य ६० दिवस गैरहजर राहिला, तर सभागृह त्याची जागा रिकामी झाल्याचं जाहीर करू शकतं. रिकामी झालेली जागा पोटनिवडणुकीने साधारणपणे सहा महिन्यांत भरायची. विधानसभेत कमीत कमी सदस्य किती, तर ६०. (गोव्यात ४० आहेत, ते घटनेतल्या खास तरतुदीमुळे.)

यातल्या दोन आकड्यांची गाठ महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात पडली. ५ जुलै २०२१ ला गदारोळानंतर विधानसभेने १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केलं. २८ जानेवारी २०२२ ला न्यायालयाने हे निलंबन घटनाबाह्य ठरवलं. बाजू कोणाची होती हे क्षणभर बाजूला ठेवा आणि युक्तिवाद पाहा. सदस्याला कायमचं काढून टाकलं तर त्याची जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत तिथल्या लोकांना नवा आमदार मिळतो. वर्षभर निलंबित ठेवलं तर जागा भरलेलीही नाही आणि रिकामीही नाही. त्या मतदारसंघाला आवाजच उरत नाही. गैरहजेरीलाही घटनेने ६० दिवसांची सीमा घातली आहे. निलंबन असतं सभागृहाचं काम सुरळीत चालावं म्हणून, तेव्हा ते चालू अधिवेशनापुरतंच असू शकतं. म्हणजे अधिवेशन हे शिक्षेचंही माप ठरलं. शिक्षा झाली १२ जणांना, पण मोजमाप झालं ते त्यांच्यामागच्या लाखो मतदारांच्या हक्काचं.

लाखो म्हणजे नक्की किती? १९६२ मध्ये विधानसभेच्या जागा २६४ होत्या, १९६७ मध्ये २७० झाल्या, १९७८ पासून २८८ आहेत. त्यांतल्या २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव. १९७१ च्या जनगणनेवर हा एकूण आकडा गोठवला गेला, कारण लोकसंख्येला आळा घालणाऱ्या राज्यांना जागा कमी होण्याची शिक्षा मिळू नये. २००८ मध्ये मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, पण २८८ ला हात लागला नाही. १९७१ ला महाराष्ट्रात पाच कोटी माणसं होती, २०११ ला सव्वाअकरा कोटी. २८८ जागांच्या हिशेबाने तेव्हा एका आमदारामागे पावणेदोन लाख लोक होते, नंतर झाले जवळपास चार लाख. अडल्यानडल्या कामासाठी आमदाराच्या दारात उभं राहणाऱ्यांची रांग दुपटीहून लांब झाली.

विधान परिषदेची घडण मला विधानसभेहूनही नवलाची वाटते. ७८ सदस्य; त्यांत ७ पदवीधरांनी निवडलेले, ७ शिक्षकांनी, १२ राज्यपालांनी नेमलेले, उरलेले ५२ आमदारांनी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांनी निवडलेले. दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, त्यामुळे हे सभागृह कधीच विसर्जित होत नाही. विधानसभा विसर्जित झाली की तिच्यासमोरची विधेयकं संपतात. पण जे विधेयक परिषदेत मांडलं गेलं आणि अजून विधानसभेकडे गेलेलंच नाही, ते तगून राहतं. विधानसभेचंही सगळंच विझत नाही. सभागृह विसर्जित झालं तरी अध्यक्ष पदावर राहतात, थेट नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीच्या आधीपर्यंत. मग राज्यपालांनी नेमलेले हंगामी अध्यक्ष नव्या सदस्यांना शपथ देतात.

परिषदेला अधिकार थोडे. विधेयक ती पहिल्या वेळी तीन महिने आणि दुसऱ्या वेळी एक महिना थोपवू शकते, बस. संसदेसारखी संयुक्त बैठक राज्यात नसते. शेवटचा शब्द विधानसभेचा. पण याच सभागृहात कवी ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर सदस्य म्हणून बसले. आणि याच सभागृहाचे सभापती वि. स. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत त्या खुर्चीवर होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं विसापूर. तिथे पागेंनी १९६५ च्या सुमारास एक प्रयोग करून पाहिला, की जो काम मागेल त्याला काम द्यायचं. त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. बहात्तरच्या दुष्काळात तिची कसोटी लागली, १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला, आणि २००५ मध्ये देशाने तीच वाट धरली. योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. तुम्ही महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर या महिन्याची पगाराची चिठ्ठी काढून बघा. ‘प्रोफेशन टॅक्स’पुढे बहुधा २०० रुपये दिसतील, फेब्रुवारीत ३००. शहरातल्या पगारदाराच्या त्या दोनशे रुपयांची मुळं दुष्काळी भागात खडी फोडणाऱ्या हातांपर्यंत जातात.

अधिवेशनं वर्षाला तीन: अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी. पहिली दोन मुंबईला, तिसरं नागपूरला. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती, १९५६ मध्ये तो मान गेला. विदर्भाने मराठी राज्यात यायचं तर त्याला काय मिळणार, याची बोलणी आधीच झाली होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने शब्द दिला, की सरकार दरवर्षी काही काळ नागपूरला मुक्काम हलवेल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन तिथे होईल. म्हणून डिसेंबर आला की फायली, टंकलेखक, सचिव, शिपाई, पत्रकार सगळे आठशे किलोमीटरवर जातात. रविभवन, नागभवन, आमदार निवास गजबजतात. २०१८ ला अपवाद म्हणून पावसाळी अधिवेशन तिथे घेतलं, तर ६ जुलैला असा पाऊस कोसळला की विधान भवनाच्या तळघरात पाणी शिरलं, वीज गेली आणि कामकाज थांबवावं लागलं.

नागपूरचं अधिवेशन ओळखलं जातं ते मोर्चांसाठी. मुंबई ज्यांना लांब पडते ती माणसं इथे येऊ शकतात: आदिवासी, शेतकरी, अंगणवाडी सेविका. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा असाच आला होता. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, बायका आणि मुलं त्यांत कितीतरी. शहिदांचं स्मारक झिरो माइलजवळ उभं आहे. आपलं म्हणणं सभागृहाच्या कानांवर जावं एवढ्यासाठी ती माणसं पायी निघाली होती. अधिवेशनाचे दिवस कमी केल्याची बातमी वाचतो तेव्हा मला ते स्मारक आठवतं, आणि राग येतो.

आत काय चालतं ते बहुतेकांना गोंधळाच्या दृश्यांतूनच माहीत असतं. पण एकदा शिरगणती पाहा. २०१९ आणि २०२२ च्या बहुमत चाचणीत यंत्राची बटणं नव्हती. रांगेतला एकेक सदस्य उभा राहतो, स्वतःचं नाव उच्चारतो, आपला क्रमांक सांगतो आणि खाली बसतो. तो ‘एकशे बारा’ म्हणाला की पुढचा ‘एकशे तेरा’. सरकार राहणार की जाणार, हे शाळेतल्या हजेरीसारखं मोठ्याने, सगळ्यांच्या देखत मोजलं जातं. रोजचं कामकाज याहून साधं. प्रस्ताव मताला टाकला जातो, ‘होय’ आणि ‘नाही’चे आवाज उठतात, ‘होयचे बहुमत’ असं आसनावरून सांगितलं जातं, आणि काही सेकंदांत कोट्यवधी लोकांना लागू होणाऱ्या कायद्याला सभागृहाची मंजुरी मिळालेली असते.

अशाच काही सेकंदांत ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कौन्सिलमध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी खर्चाने बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. महाडच्या नगरपालिकेने तो मान्य केला, पण तळ्याचं पाणी काही खुलं झालं नाही. मग २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले. सत्याग्रहींच्या पाठीशी कौन्सिलचा तो ठराव होता.

सभागृहात उच्चारलेला शब्द प्रतिवेदक लघुलिपीत उतरवतात आणि कार्यवाही छापली जाते. ती विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. तारांकित प्रश्न कोणी विचारला, लक्षवेधी कोणी मांडली, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, सगळं तिथे आहे. पुढचं अधिवेशन सहा महिन्यांच्या आत येणारच आहे. ते सुरू होण्याआधी मागच्या अधिवेशनात तुमच्या आमदाराने तुमच्यासाठी काय विचारलं, तेवढं एकदा शोधून वाचा.