साडेपाच तास पुढे गेलेलं घड्याळ

जुन्या डेस्कटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकलं, की एक तक्रार वारंवार ऐकू येते : घड्याळ चुकतं. सकाळचे दहा वाजलेले असताना स्क्रीनवर दुपारचे साडेतीन दिसतात. मदरबोर्डवरचा सेल बदलूनही फरक पडत नाही, मग दोष लिनक्सच्या माथी बसतो आणि मशीन फॉरमॅट होतं. चूक नेमकी साडेपाच तासांचीच का, हे मात्र कुणी विचारत नाही. भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहून ठेवतं; लिनक्स तीच जागतिक वेळ समजून त्यात साडेपाच तास मिळवतं. म्हणजे बिघाड कशातच नाही, दोघांचे संकेत वेगळे आहेत. टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल'ची एक ओळ देऊन हे घड्याळ स्थानिक वेळेचं आहे असं लिनक्सला कळवलं, की प्रश्न मिटतो. नेट चालू असलं तर लिनक्स वेळ आपोआप जुळवून घेतं, त्यामुळे शहरात हा घोळ अनेकदा लक्षातही येत नाही. प्राणहितेकाठच्या अहेरीसारख्या ठिकाणी रेंज गेली, की तो उघडा पडतो.

किरकोळ त्रासाचं कारण शोधणं हे फॉरमॅट मारण्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि जिल्ह्याचं ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटरवर असलेल्या तालुक्यात तर फारच स्वस्त. त्यासाठी लक्षण नीट पाहावं लागतं. 'अक्षरं बिघडली' या एकाच तक्रारीमागे दोन वेगळे आजार असतात. मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर फाइल शाबूत आहे, फक्त फॉन्ट नाही. या भागातल्या गोंडी भाषेसाठी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली घडवलेली लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. तिचा मोफत नोटो फॉन्ट पेन ड्राइव्हवरून आणून फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकला, की चौकोनांची अक्षरं होतात. पण मराठीच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसत असतील, तर ती फाइल युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. तिथे नवा युनिकोड फॉन्ट टाकून उपयोग नाही. मजकूरच कन्व्हर्टरमधून काढावा लागतो.

सामान्य माणसाने हे सगळं का शिकावं, हा आक्षेप रास्त आहे. प्रत्येकाने शिकायची गरजही नाही. शाळेत किंवा सेवा केंद्रात एकाला कारण कळलं आणि त्याने उपाय मराठीत लिहून ठेवला, तरी पुढच्या दहा मशीनचं काम भागतं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ न पेलणारी पुष्कळ मशीन अजून धडधाकट आहेत. ती भंगारात जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : काही त्रास वापरणाऱ्याच्या हातातच नसतात. काही वायफाय चिपचे ड्रायव्हर कंपन्यांनी खुले केलेले नाहीत, म्हणून इन्स्टॉल झाल्यावर वायफाय दिसतच नाही. ड्रायव्हर आणायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर. म्हणूनच डिस्कला हात लावण्याआधी लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासून घ्यावा. नुसतं वायफायच अडलं, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचं नेट कॉम्प्युटरला द्यावं. ड्रायव्हर उतरवायला तेवढं पुरतं.