सॅमसंगचा देश कधीकाळी आपल्यासारखाच गरीब होता. मग पुढं कसा गेला?

मंडळी, तुमच्या हातातला मोबाईल सॅमसंगचा असेल, तर ती कंपनी दक्षिण कोरियाची. १९३८ मध्ये सुरू झाली तेव्हा ती सुकी मासळी आणि भाजीपाला विकायची! १९५३ ला युद्ध थांबलं तेव्हा हा देश उद्ध्वस्त होता. १९६० च्या सुमारास तिथल्या माणसाचं वर्षाचं सरासरी उत्पन्न होतं दीडशे डॉलरच्या आसपास, आपलं ऐंशी. आज त्यांचं तीस हजारांच्या वर, आपलं अडीच हजारांच्या आसपास. असं काय झालं?

व्याजावर व्याज

एखाद्या वर्षी पीक जोरात आलं म्हणून घर श्रीमंत होत नाही. देशाचंही तसंच. उत्पन्न वर्षाला २ टक्के वाढलं तर दुप्पट व्हायला ३५ वर्षं लागतात, ७ टक्क्यांनी वाढलं तर दहाच. कोरियानं हा वेग काही दशकं टिकवला, खरी गोष्ट ती.

आधी जमीन, मग शाळा

१९५० च्या सुमारास तिथं कूळ कायद्यासारखा कायदा आला. कुणाकडंही ३ हेक्टर, म्हणजे साधारण साडेसात एकरांपेक्षा जास्त शेतजमीन ठेवली नाही. बाकीची कसणाऱ्याला, हप्त्यानं. खंड वाचला तसा घरच्यांनी पोरांच्या शिक्षणाला पैसा लावला. १९४५ ला बहुतेक लोक निरक्षर होते. पंधरा-वीस वर्षांत जवळपास प्रत्येक पोर प्राथमिक शाळेत गेलं.

मग कारखाने

शिकलेल्या हातांना काम हवं. सुरुवात कापड, प्लायवूड, केसांच्या टोपांपासून झाली. जो माल परदेशात विकून दाखवेल त्यालाच स्वस्त कर्ज, असा सरकारचा हिशेब. १९६४ ला निर्यात १० कोटी डॉलर होती, १९७७ ला १००० कोटी.

सिमेंटच्या ३३५ गोण्या

१९७० मध्ये सरकारनं सुमारे ३३ हजार गावांना प्रत्येकी ३३५ गोण्या सिमेंट दिलं. अट एकच, काम सगळ्या गावाचं पाहिजे. पुढच्या खेपेला ज्यांनी चांगलं काम केलं त्या निम्म्या गावांनाच ५०० गोण्या आणि एक टन लोखंड मिळालं. बाकीचे बघत राहिले, मग तेही कामाला लागले.

नशीब की कारभार?

नशीब म्हणावं तर शेजारी उत्तर कोरिया आहे. तीच माणसं, तीच भाषा, तरी गरीब. फरक कायद्याचा आणि कारभाराचा. देशांच्या श्रीमंतीमागं कारभार कसा असतो, हे मांडणाऱ्या तिघा अभ्यासकांना २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

सगळं गोड नव्हतं. १९८७ पर्यंत तिथं हुकूमशाहीच होती, कामगारांना दाबलं गेलं. अमेरिकेची मदतही मोठी होती. आणि खेडी रिकामी झाली. १९६३ ला शंभरातले साठच्या वर लोक शेतीत होते, आज पाचच्या आसपास. आपल्याकडं अजून पंचेचाळीसच्या आसपास आहेत.

मी स्वतः शेतकरी आहे, हे लिहिताना बरं वाटत नाही. पण पोरं शेतीतून बाहेर पडणारच आहेत. ती हातात काम घेऊन पडतात की रिकाम्या हातानं, एवढंच आपल्या हातात आहे. म्हणून पुढच्या ग्रामसभेत रस्त्याच्या आधी एक प्रश्न विचारा : आपल्या शाळेतल्या पाचवीच्या पोराला धड वाचता येतं का?