सहीचे डोंगल आणि रयतेचा अंगठा

एकेकाळी संस्थान असलेल्या आणि १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालेल्या सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यात, नव्याने रुजू होणाऱ्या तलाठ्याच्या हाती दप्तर सोपविताना ज्या वस्तूविषयी त्यास सर्वाधिक बजावले पाहिजे, ती म्हणजे डिजिटल स्वाक्षरीचे चिमुकले डोंगल. कामाच्या गर्दीत ते पासवर्डसह खाजगी मदतनिसाच्या हवाली केले, की रयतेच्या जमिनीची नोंदच परस्वाधीन होते. दुसऱ्याची स्वाक्षरी वा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी अन्वये ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तथापि शिक्षेच्या धाकापेक्षा मला अगत्याचे वाटते ते हे, की निरक्षर वृद्धेचा अंगठा आधार-पडताळणीच्या यंत्रावर टेकविण्यापूर्वी तो कशासाठी, हे तिला तिच्या बोलीत सांगावे. आधार कायद्यालाही तिची संमती अभिप्रेत आहे.