कलाशाळा : सरकारचा हेतू आणि विद्यार्थ्यांची वाट

संस्थापकांनी योजिलेल्या मार्गानेच विद्यार्थ्यांनी चालावे असा काही दंडक नाही. आणि मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या बाबतीत तर असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही की, जे सरकारदरबारी गौण मानले गेले तेच येथे सर्वांत जोमाने फळास आले. 1851 साली लंडनच्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानी कारागिरीची वाहवा झाली आणि त्याच वेळी, यंत्राच्या मालापुढे ही कारागिरी टिकेल काय, ही शंकाही जाणत्यांच्या मनात उभी राहिली. पुढे 1853 मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांनी कलाशिक्षणासाठी एक लाख रुपये देऊ केले. चीनच्या व्यापारातून, म्हणजे कापसाबरोबरच अफूतूनही, आलेल्या संपत्तीचा तो अंश होता. 1857 च्या मार्चमध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या आश्रयाने वर्ग सुरू झाले. चांगला नकाशानवीस, चांगला कोरीवकाम करणारा, चांगला कुंभार तयार व्हावा, एवढीच सरकारची माफक अपेक्षा होती.

ही अपेक्षा काही काळ उत्तम रीतीने पुरी झाली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. 1865 मध्ये विलायतेहून आलेल्या जॉन लॉकवुड किपलिंग यांनी शिल्पकामाचा वर्ग हाती घेतला. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारांवरील उठावशिल्पे त्यांचीच, आणि बोरीबंदरच्या भव्य स्थानकावरील पाने, फुले, पक्षी व प्राणी यांच्या अलंकरणात या शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात राबलेले आहेत. रोज त्या छताखालून लोकल पकडावयास धावणाऱ्या लक्षावधी माणसांपैकी किती जणांची मान वर होते, हा प्रश्न निराळा.

त्याच वर्षी आलेल्या जॉन ग्रिफिथ्स यांनी मात्र विद्यार्थ्यांना शहराबाहेर नेले. 1872 पासून पुढील सुमारे तेरा वर्षांत ग्रिफिथ्स आणि त्यांच्या शिष्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती उतरवल्या. या शिष्यांत पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नामांकित झालेले चित्रकार होते. लंडनला रवाना झालेल्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच 1885 च्या आगीत भस्मसात झाल्या, ही हानी मोठीच. परंतु अंधाऱ्या गुहेत बसून एकेक रेषा न्याहाळताना त्या तरुणांच्या डोळ्यांवर जो संस्कार झाला, त्याला आग लागण्याचा संभव नव्हता. नकला करण्याच्या शिक्षणाची आपल्याकडे यथेच्छ टिंगल होते. नक्कल कोणाची आणि किती काळ न्याहाळून केली, हे पाहिल्याखेरीज त्या टिंगलीत सामील होण्याची माझी तयारी नाही.

निरखून नक्कल करणे हाच या शाळेतील अभ्यासक्रमाचा कणा दीर्घकाळ राहिला. प्रथम वस्तुचित्र आणि स्थिरचित्र, नंतर ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून छायाप्रकाशाचा अभ्यास, मग मस्तकाचे चित्रण, आणि सरतेशेवटी प्रत्यक्ष मॉडेल समोर बसवून केलेला मानवाकृतीचा अभ्यास, अशा पायऱ्यांनी विद्यार्थी चढत जाई. आणि संध्याकाळी वही काखोटीला मारून स्टेशनात, बाजारात, बंदरावर स्केचिंगला जाणे ही तालीम कोणत्याही वेळापत्रकात नसूनही सर्वांत कसोशीची असे. या शिस्तीचे पहिले देदीप्यमान फळ म्हणजे गणपतराव म्हात्रे यांचे 1896 मधील ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प. विशीच्या आसपासच्या या तरुणाने ग्रीक पुतळ्यांच्या वस्त्रांच्या चुण्या अभ्यासल्या आणि ते ज्ञान पूजेला निघालेल्या मराठी स्त्रीच्या नऊवारीत असे काही मुरवले की, दूर बंगालमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. कारागीर घडवू पाहणाऱ्या शाळेने अभावितपणे कलावंत घडवला होता.

कोल्हापूरहून 1890 मध्ये येथे दाखल झालेले महादेव विश्वनाथ धुरंधर विद्यार्थ्याचे शिक्षक झाले, हुद्द्यांच्या पायऱ्या चढले आणि ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन मराठीला देऊन गेले. बदल्या, बढत्या, साहेबांची मर्जी आणि चित्रांची मागणी या सर्वांचा त्यात जो हिशेब आहे, तो वाचल्यावर कलाशाळा हेही अखेर एक सरकारी खातेच असते याविषयी भ्रम राहत नाही. त्यांची कन्या अंबिका हिनेही याच शाळेची पदविका मिळवली.

1919 नंतर शाळेचे प्रमुख कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी भित्तिचित्रणाचा वर्ग काढून नव्या दिल्लीच्या सचिवालयातील सजावट मुंबईच्या चित्रकारांकडे आणली, तेव्हा भारतीय परंपरेचा आग्रह धरणाऱ्या बंगाली चित्रसंप्रदायाशी वाद पेटला. मुंबईवाले पाश्चात्त्यांचे अनुकरण करतात, असा आक्षेप होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत सरकारी काटकसरीच्या चौकशीत ही शाळाच बंद करण्याची शिफारस झाली. ओरड झाली आणि शाळा वाचली. जगन्नाथ अहिवासी यांनी भारतीय शैलीचा वर्ग पुढे निष्ठेने चालवला, तरी तो वाद मिटला नाही. माझ्या मते त्याचे उत्तर वादपटूंनी दिलेच नाही, बंडखोरांनी दिले. 1945 मध्ये शाळेतून काढून टाकलेला गोव्यातील साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सोझा, त्याच्यासोबत 1947 मध्ये चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह गट स्थापणारे रझा व बाकरे, आणि 1948 मध्ये पदविका घेऊन बाहेर पडलेले वासुदेव गायतोंडे यांनी शाळेची शैली झुगारली. पण ती झुगारताना त्यांच्या हाताला जे बळ होते, ते याच वर्गांतील तालमीने आलेले होते. शाळेच्या पारखीविषयी मात्र फार गहिवरून जाऊ नये. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना याच शाळेने प्रवेश नाकारला होता.

सोझासारख्या गोव्यातील तरुणांना त्या काळी मुंबई हाच मार्ग असे. 1972 मध्ये पणजीत कला महाविद्यालय निघाले आणि जे. जे. मध्येच शिकलेले मडगावचे लक्ष्मण पै पुढे त्याचे प्राचार्य झाले, तेव्हा तो प्रवास काहीसा उलटला.

प्रसिद्ध नावांच्या या मांदियाळीत एक वर्ग सदैव उपेक्षित राहिला, तो म्हणजे ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतील शाळांत गेलेला चित्रकलेचा मास्तर. सरकारला अभिप्रेत असलेला उपयुक्त मनुष्य शेवटी हाच ठरला. स्नेहसंमेलनाचा पडदा, फळ्यावरचा सुविचार, गावच्या गणपतीची आरास ही सारी वेठ त्याच्याच माथी. तरीही एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षांच्या निमित्ताने खेड्यातल्या पोरास पेन्सिल धरावयास त्याने शिकवले, आणि ‘तू मुंबईस जा’ हे त्याच्या बापाला पटवण्याचे अवघड कामही त्यानेच केले. आज त्या परीक्षांकडे बहुतेक पालक दहावीच्या वाढीव गुणांसाठी पाहतात, पाहोत बापडे.

1961 मध्ये उपयोजित कलेची संस्था स्वतंत्र झाली, पदविकेची पदवी झाली, आणि 2023 मध्ये जे. जे. ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभ्यासक्रम स्वतः ठरवण्याची मुभा ही संस्थेच्या इतिहासातील मोठीच घटना आहे. पण त्या दर्जाआधी कित्येक वर्षे अध्यापकांच्या अनेक जागा रिक्त होत्या किंवा तात्पुरत्या नेमणुकांवर भागवल्या जात होत्या, हे विसरून चालणार नाही; आणि शाळाशाळांतून चित्रकलेच्या शिक्षकाची स्वतंत्र जागा जर खर्चाच्या सबबीवर लोप पावत गेली, तर फोर्टातील जे. जे. च्या 1878 मधील इमारतीत प्रवेशासाठी येणारी मुले केवळ खासगी शिकवणीची फी परवडणाऱ्या घरांतूनच येतील, आणि कोल्हापुराकडचा नवा धुरंधर बहुधा अर्जही करणार नाही.